चकवा लागतो, पण लावतं कोण?

पावसाळा जवळ आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. थोडक्यात असा : ‘चकवा ही अंधश्रद्धा नाही. हजारो लोकांनी तो अनुभवलाय. रान पाठ असलेल्यांनाही लागतो. चपला उलट्या घातल्या की सुटतो. विज्ञानाकडे याचं उत्तर नाही. विश्वास नसेल तर अमावास्येला एकटं रानात जाऊन दाखवा.’

हजारो लोक खोटं बोलतील का? नाही बोलत. इथे आमचेच काही मित्र घाई करतात आणि ‘टाकली असेल थोडी’ म्हणून मोकळे होतात. रात्रभर एकाच कुंपणाभोवती फिरलेला माणूस आपले पाय कुठे कुठे गेले ते खरंच सांगत असतो. भांडण आहे ते ‘कोणी फिरवलं’ यावर. आणि फिरवणारा त्यानेही पाहिलेला नसतो.

विज्ञानाकडे उत्तर नाही, हा मुद्दा मात्र साफ चुकीचा. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हाच प्रश्न तपासला. बीनवाल्ड नावाच्या सपाट जंगलात त्यांनी सहा जणांना सोडलं; सांगितलं एवढंच, की सरळ चालत राहा. अंगावर जीपीएस होतं, त्यामुळे कोण कुठे गेला याची रेघ उमटत होती. चौघे ढगाळ दिवशी चालले. चौघेही गोल फिरले, आणि त्यातल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हापुन्हा ओलांडली, तीही त्यांच्या ध्यानात न येता. ऊन असताना चालणारे दोघे जवळपास सरळ गेले. डोळे बांधून मोकळ्या जागी चालवलं, तेव्हा तर कधी कधी जेमतेम वीस मीटर व्यासाचं रिंगण झालं.

‘माणसाचा एक पाय आखूड असतो, म्हणून तो गोल फिरतो’ हे आपण शाळेत ऐकलेलं उत्तरही तिथे टिकलं नाही. तोच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. संशोधकांचं म्हणणं असं, की ‘सरळ म्हणजे कुठे’ हा मेंदूचा अंदाज पावलागणिक किंचित सरकतो. एरवी सूर्य, डोंगर, देवळाचा कळस पाहून आपण तो नकळत दुरुस्त करत असतो. खूण दिसेनाशी झाली की चूक चुकीवर चढत जाते, आणि चालणाऱ्याला वाटतं आपण नाकासमोर चाललोय.

मग रान पाठ असलेल्याला का लागतो? त्याला पाठ असतं ते काय, तर खुणा. हा वड, ती पाणंद, पलीकडचा बांध. धुक्यात किंवा काळोखात खुणाच गेल्या तर पाठांतराचा उपयोग शून्य. उलट नवखा माणूस बिचकून थांबतो. जाणकार चालत राहतो.

आता चपला. हा मुद्दा मला मनापासून आवडतो. आमच्याकडे आणखी एक उपाय सांगत : खाली बस आणि तंबाखू मळ. दोन्हींत एक गोष्ट समान आहे, पाय थांबतात. धाप उतरते, मग कुठल्या तरी वाडीवरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं, ढग सरकून चांदणं पडतं. ज्या कुणाला हे सुचलं त्याने माणसं वाचवली असतील. फक्त श्रेय चपलांना गेलं. चपला उलटवूनही ज्याला पहाटेपर्यंत वाट सापडली नाही, तो म्हणतो कोंबडा आरवला तेव्हा सुटला. सुटणारच, उजाडलं होतं!

गंमत अशी, की इंग्लंडात डेव्हनकडेही वाट चुकलेल्याला पिक्सी नावाच्या खोडकर बुटक्यांनी भुलवलं असं म्हणत, आणि उतारा होता अंगातला कोट उलटा घालणं. ‘म्हणजे तिकडेही भूत आहेच की’, असं कोणी म्हणेल. पण तिकडच्या कुणाला आपला चकवा लागत नाही आणि आपल्याला पिक्सी लागत नाहीत. वाट सगळीकडे चुकते. फिरवणाऱ्याचं नाव प्रत्येकाने लहानपणी घरी ऐकलेलं असतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तेही काही उगाच नाही. पाला खसखसला की ‘कोणीतरी आहे’ असं धरून चालणं स्वस्त पडतं. शंभरदा चुकलं तर नुसती छाती धडधडते; एकदा खरंच बिबट्या असला तर जीव वाचतो. ती सवय काळोखात वाऱ्यालाही हातपाय देते.

राहिलं अमावास्येचं आव्हान. बिनदिव्याचा, एकटा गेलो तर मीही गोल फिरेन. बीनवाल्डमधले तर दिवसाढवळ्या फिरले. म्हणून जाताना बॅटरी नेईन, जोडीला जादा सेल. आणि तेच कुंपण दुसऱ्यांदा आडवं आलं की तिथेच बसकण मारीन. तंबाखू खात नाही, शेंगदाणे नेईन.