ज्वालामुखीच्या पोटात राहणारे वेडे नाहीत हो

फोगो बेटावर ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांबद्दलच्या लेखात त्यांना 'मरणाच्या दाढेत हौसेने राहणारे' म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. केप व्हर्दे या आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या द्वीपदेशातलं हे बेट कोरडं ठणठणीत, पाऊस आला तर आला, आणि मधे २८२९ मीटरचा पिको दो फोगो हा ज्वालामुखी. त्याच्या पायथ्याशी शा दास काल्देरास म्हणून जी सपाट जागा आहे तिथे काळ्या राखेत द्राक्षं लावतात, कारण ती भुसभुशीत राख ओल धरून ठेवते म्हणून वेल जगतात आणि त्याची वाईन पण करतात, मग एवढी जमीन सोडून जाणार कुठे सांगा! नोव्हेंबर २०१४ ला उद्रेक झाला तो फेब्रुवारी २०१५ पर्यंत चालला, तिथली पोर्तेला आणि बांगायरा ही दोन्ही गावं जवळपास गेलीच. त्या वेळचे फोटो बघा, लाव्हा पार छपरापर्यंत, नुसती स्लॅबची कड वर दिसतेय. पण लाव्हा हळू सरकत होता त्यामुळे लोकांना सामान, दारं-खिडक्या काढून न्यायला वेळ मिळाला, आणि नंतर परत येऊन त्याच थिजलेल्या लाव्हावर घरं बांधली की.

आणि आपण मुंबईकर कुठे वेगळे? अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, ६ कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाचे उभे काळे खांब, वर गावदेवीचं मंदिर, खाली चिकटून इमारती. आपला लाव्हा थंड झालाय एवढाच काय तो फरक. लेखकाने फोगोतले लोक पाण्याचं काय करतात ते पण लिहायला हवं होतं राव, खरी मारामारी तिथेच आहे.