मांजर तुमचे, मग पिल्ले कोणाची?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका सद्गृहस्थांनी संदेश टाकला की, येत्या रविवारी मांजरांचा विषय कायमचा मिटवून टाकू, दोन पोती आणि एक टेम्पो पुरेसा आहे, सगळ्यांना सिंहगडाच्या पायथ्याशी सोडून येऊ. त्याखाली बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. चतुर्थीला मोदक वाटणाऱ्या आणि मुंग्यांना साखर घालणाऱ्या घरांतून हे अंगठे आले, याचे वाईट वाटलेच. परंतु माझा खरा संताप झाला तो वेगळ्या कारणाने. त्या रांगेतला एक अंगठा अशा घरातून आला होता, ज्या घरातल्या वाटीत ही मांजरे रोज सकाळी दूध पितात.

ते घर आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर आहे. तिथल्या वहिनींशी माझे भांडण नाही. आमच्यात डब्यांची देवाणघेवाण आहे, त्यांच्या हातची अळूवडी माझ्या घरात सर्वांना आवडते. त्यांनी काही वर्षांपूर्वी कोणाकडून तरी एक तीन रंगांचे पिल्लू आणले आणि तिचे नाव चिंगी ठेवले. तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्या घराला पहिल्या दिवशीच कळायला हवे होते. चिंगीचा दिनक्रम ठरलेला आहे. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली जाते, ती ग्रिलमधून सज्ज्यावर उतरते आणि तिथून पाइपाच्या आधाराने संपूर्ण इमारत तिची होते. सायंकाळी भुकेच्या वेळी ती परत येते. मधल्या बारा तासांत ती कुठे बसते, कुठे खणते, कोणाच्या घरात काय करते, याच्याशी त्या खिडकीचा काही संबंध उरत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला समजणार नाही. आमच्या कोरड्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे एक खोके असते. त्यात आकाशकंदील, पणत्या, रांगोळीचे साचे आणि गुंडाळलेली दिव्यांची माळ असते. दसरा झाल्यावर मी ते काढायला गेले, तर आकाशकंदिलाच्या चुरगळलेल्या झिरमिळ्यांवर चिंगी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी चार पिल्ले, डोळे घट्ट मिटलेली, अंग अजून ओलसर. तिने माझ्याकडे पाहिले, फिस्कारलीसुद्धा नाही. फक्त एक पंजा पिल्लांवर ठेवला. मी तशीच मागे सरले आणि खाली जाऊन वहिनींना सांगितले. वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणे न थांबवता त्या म्हणाल्या, “अगं बाई, तुझ्याकडे झाली का? शुभ असतं हो ते! लक्ष्मीच आली म्हण.” मी विचारले, “मग खोकं खाली आणून देऊ का?” तर म्हणाल्या, “नको गं, आता हलवलंस तर ती पिल्लांना टाकून देईल. आणि आमच्याकडे आजींना दमा आहे ना.”

आजींचा दमा खराच आहे, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. परंतु मांजर पाळताना तो नव्हता का?

तर ती लक्ष्मी आमच्याकडे मुक्कामी राहिली. मशीन लावायचे की नाही, हे चिंगीच्या झोपेवर ठरू लागले. आठवड्याभराने पिल्लांचे डोळे किलकिले होऊ लागले आणि मग, आपल्याकडे मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे म्हणतात त्याप्रमाणे, तिने एकेकाला मानेला धरून हलवायला सुरुवात केली. आमच्याकडून मीटरच्या खोलीत, तिथून जिन्याखालच्या सायकलींमागे, तिथून गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत. ज्या दारासमोर पिल्ले दिसत, ते दार माझ्याकडे तक्रार करी, कारण “तुमच्या बाल्कनीतली आहेत ना ती”. म्हणजे मांजर वहिनींचे, पिल्ले माझी. हा हिशेब कोणी मांडला, ते मला आजतागायत कळलेले नाही.

ज्यांना हे सगळे ‘निसर्गाचे चक्र’ वाटते, त्यांनी हे चक्र किती वेगाने फिरते तेही पाहावे. भाटी, म्हणजे मांजराची मादी, पाचव्या-सहाव्या महिन्यात, कधी त्याआधीही, माजावर येऊ शकते. गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा. एका वेताला तीन-चार-पाच पिल्ले, वर्षाला दोन, क्वचित तीन वेते. आणि आधीची पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. त्या पिल्लांमधल्या माद्या वर्ष भरायच्या आत स्वतः आया होतात. यावर शस्त्रक्रिया हा एकच उपाय आहे, तो पशुवैद्याकडे एका सकाळी होतो आणि त्याला वहिनींचे उत्तर ठरलेले आहे: “मुक्या जीवावर कशाला अत्याचार?” मुक्या जीवाची पिल्ले कुत्र्यांनी फाडली तर तो अत्याचार नाही, कारण तो आपल्या खिडकीतून दिसत नाही.

बाकीच्या तक्रारी मी थोडक्यात आटोपते, कारण त्या तुमच्याही असतील. स्कूटरच्या सीटवर नखांनी काढलेली नक्षी. कढीपत्त्याच्या कुंडीतली उकरलेली माती आणि मातीखाली जे असते ते. गाड्यांच्या बॉनेटवर पावलांचे ठसे. पावसाळ्यात ऊब शोधत इंजिनापाशी शिरणारी पिल्ले, ज्यामुळे गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारण्याची सवय आता अंगवळणी पडली आहे. चिंगीच्या माजाच्या काळात आसपासचे सारे बोके आमच्या जिन्यात सभा भरवतात. ते रात्रभर भांडतात आणि प्रत्येक दारावर मूत्राची फवारणी करून आपली हद्द आखून जातात. तो वास फिनेलने जात नाही, हे सांगायला नको. यावर आमच्याकडे जे उपाय झाले, ते सांगायलाही लाज वाटते. कोणी दारात निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगल्या, ज्यांच्याकडे चिंगी अत्यंत कुतूहलाने पाहत बसते. कोणी कुंड्यांत तिखट टाकले. एकांनी जिन्यात डांबरगोळ्या पसरल्या. त्या मांजरांना विषारी असतातच, शिवाय रांगणाऱ्या मुलाने तोंडात घातल्या तर काय, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

उंदीर कमी झाले, हे मान्य. जिन्याखालचा त्रास गेला, हे मी नाकारत नाही; घुशी मात्र अजून तिथेच आहेत आणि चिंगी त्यांच्या वाटेला जात नाही.

मोकळे फिरणे हा मांजराचा स्वभाव आहे, असे वहिनी म्हणतात आणि तेही खोटे नाही. परंतु स्वभाव मांजराचा आहे, खिडकी माणसाची आहे. मी एकदा अगदी सौम्यपणे सुचवले की, ग्रिलला कबुतरांची जाळी लावून घ्या, घरात मातीचा ट्रे ठेवा, निदान रात्री तरी तिला आत ठेवा. त्यावर त्या हसून म्हणाल्या, “ती थोडीच आमचं ऐकते?” हे वाक्य ऐकून मी जी निरुत्तर झाले, ती आज सकाळपर्यंत. कारण त्याच घरातला अंगठा आज पोते आणि टेम्पोच्या खाली उमटला आहे. जोपर्यंत दूध, तोपर्यंत चिंगी आमची. पिल्ले झाली की ती सोसायटीची. आणि सोसायटीने पोते काढले की कोणाचीच नाही.

आता त्या पोतेवाल्यांविषयी. तुमच्यापैकी कोणी मनातल्या मनात त्यांना ‘जाऊ दे, सुटेल एकदाचा त्रास’ म्हणत असेल, असे मला वाटत नाही; तसे असते तर आपण मित्रयादीत एकत्र नसतो. पण त्यांच्यासाठी लिहून ठेवते. घरच्या वाटीतले दूध पिणारे मांजर अनोळखी डोंगरपायथ्याशी सोडणे म्हणजे त्याला मारणेच आहे, फक्त आपले हात स्वच्छ ठेवून. प्राण्याला भुकेने किंवा तहानेने यातना होतील अशा अवस्थेत टाकून देणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने क्रौर्य ठरवले आहे. त्याची शिक्षा वाचून मात्र मला हसावे की रडावे कळेना: पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. चिंगीच्या एका दिवसाच्या दुधाइतका! विषप्रयोग करणाऱ्यांनी मात्र दहा-पन्नास रुपयांच्या भरवशावर राहू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालणे, ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिवाय ज्या जागेवर वाटी आणि कचऱ्याचा उघडा डबा आहे, ती जागा रिकामी राहत नाही. चिंगी गेली तर पलीकडच्या इमारतीतली येईल, आणि तिला तर कोणी हाकही मारत नाही.

लिहिता लिहिता पुन्हा ते खोके आठवले. चारांतली तीन पिल्ले कशीबशी जगली. त्यांतली दोन माझ्या बहिणीने ओळखीत दिली, एक गच्चीवर वाढून आज बोका झाला आहे. चौथे डक्टमध्ये पडले. दोन रात्री त्याचा आवाज येत होता आणि आमच्या इमारतीच्या डक्टला खाली दार नाही, फक्त एक झडप आहे, ती गंजून बंद झालेली. आवाज थांबल्यावर झाडणाऱ्या मावशींच्या मुलाने ती झडप पहारीने उघडली. पिल्लू माझ्या तळहातावर मावेल एवढे होते. मावशींनी ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बागेत पुरले, आणि वर येऊन मलाच म्हणाल्या, “ताई, तुमी जेवून घ्या.” मी वहिनींना सांगितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, खरेच आले, मी पाहिले. त्यामुळे त्या वाईट आहेत असे मला म्हणता येत नाही, आणि म्हणता आले असते तर हे सगळे सोपे झाले असते. त्यानंतर काही महिन्यांतच चिंगी पुन्हा गाभण होती.

मध्यंतरी रखवालदाराच्या मुलीला तिने ओरबाडले. खेळताना झाले, चिंगीचा दोष नाही. परंतु रेबीज मांजरांनाही होतो आणि त्यांच्यापासून माणसांनाही होतो, म्हणून त्या मुलीला लशीसाठी सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक फेरीला तिच्या आईची धुण्याभांड्याची कामे बुडाली. चिंगीला लस दिली आहे का, या साध्या प्रश्नावर वहिनींकडे कार्ड नव्हते, ‘बहुतेक दिली असेल’ एवढेच होते.

आपल्या पुण्यात २०२२ च्या अखेरीस पाळीव मांजरांची नोंदणी करण्याचा विषय निघाला, तेव्हा समाजमाध्यमांवर केवढी थट्टा झाली होती! मीही हसलेल्यांचे विनोद वाचले आहेत. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेच्या आसपास मांजरे असल्याचे उघड झाले, तेव्हा सगळे एकदम गंभीर झाले. तीनशे हा आकडा आभाळातून पडत नाही, तो चार पिल्लांच्या खोक्यापासून सुरू होतो. सोसायटीला कोणाला प्राणी पाळायला बंदी करता येत नाही, हे मला ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे; माझी मागणी बंदीची नाहीच. माझी मागणी एवढीच आहे की ज्याने नाव ठेवले, त्याने शस्त्रक्रिया करावी, लस द्यावी आणि गळ्यात पट्टा घालावा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न आमच्याकडे उंदरांना नव्हे, कार्यकारिणीला पडलेला आहे, आणि दरवेळी ठराव ‘पुढील सभेत घ्यावा’ असा होतो.

रविवारची सभा मी बोलावून घेतली आहे. टेम्पो येणार नाही. तो आला तर मी फाटकात उभी राहीन आणि पोलिसांना फोनही करीन, हे त्या सद्गृहस्थांना आज दुपारीच स्पष्ट सांगितले आहे. ते म्हणाले, “मग तुम्हीच पाळा!” हे वाक्य प्रत्येक वेळी कसे काय तयार असते, कोण जाणे. नाही, मी पाळणार नाही. मला मांजर पाळायचे नाही, मला माझी कोरडी बाल्कनी कोरडी हवी आहे, आणि तरीही मांजर पोत्यात गेलेले मला चालणार नाही.

वहिनी ही पोस्ट वाचतील. वाचाव्यात म्हणूनच ती सर्वांना दिसेल अशी ठेवली आहे. वहिनी, शस्त्रक्रियेचा निम्मा खर्च मी देते, बोक्याचाही निम्मा देते. सोमवारी सकाळची वेळ पशुवैद्याकडे घेऊन ठेवली आहे. रविवारी रात्रीपासून तिला उपाशी ठेवायचे आहे, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी बंद राहील एवढे तुम्ही पाहा. टाके भरून येईपर्यंत तिला आठ-दहा दिवस घरात ठेवावे लागेल. आजींची खोली सोडून तुमच्याकडे आणखी दोन खोल्या आहेत, त्यांतली कोणतीही चालेल. माझ्या बाल्कनीला मी कालच जाळी मारून घेतली आहे.