काकांची पॉलिसी

मराठी मध्यमवर्गीय घरात विम्याची पॉलिसी कुणी घेत नाही, ती गळ्यात पडते. पाडणारा माणूसही परका नसतो. आमच्याकडे मावशीचे दीर आहेत, त्यांना आम्ही सगळे नुसतं काका म्हणतो. रिटायर झाले आणि एजन्सी घेतली. एरवी वर्षभर दिसणार नाहीत, पण ऑफिसात एचआरच्या 'इन्व्हेस्टमेंट प्रूफ सबमिट करा' मेल सुरू झाल्या की काकांची गाडी आमच्या गेटात, आणि हातात जानेवारीत द्यायची राहिलेली डायरी.

आई लगेच पोहे टाकते. पोहे झाले की विषय संपला, कारण पोहे खाऊन बसलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, आता खरं तर पोहे आपण घातलेत, मिंधं त्यांनी व्हायला पाहिजे, पण होतो आपणच, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

मग बॅगेतून कागद निघतो. त्यात दोन रकाने असतात, एक ४ टक्के परतावा धरून केलेला आणि एक ८ टक्के धरून, नियमच आहे तसा, दोन्ही छापावे लागतात. काका चहाची बशी बरोब्बर ४ च्या रकान्यावर ठेवतात. आणि ८ च्या रकान्यात सगळ्यात खालच्या आकड्याभोवती लाल पेनने गोल. हे आकडे गॅरंटीड नाहीत असं तिथंच लिहिलेलं असतं, पण ते वाचायला बशी उचलावी लागते अन् पाहुण्यांची बशी चहा संपायच्या आत कोण उचलतं?

"वर्षाला फक्त ५०,०००. वीस वर्षांत दहा लाख भरशील, अठरा लाख घेशील. जवळजवळ डबल! वर ८०सीची टॅक्स-सूट, वर विमा, आणि काय पाहिजे?"

फॉर्म तेच भरतात, आपण फक्त पेन्सिलीच्या फुल्या असतील तिथं सह्या ठोकायच्या. दारूचा प्रश्न येतो तेव्हा आई नेमकी समोर बसलेली असते.

लग्नानंतर एका रविवारी बायकोने काकांकडून घेतलेल्या सगळ्या पॉलिसींचे बाँड बाहेर काढले आणि लॅपटॉप उघडला. तिला एक्सेल येतं, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. तिने वीस हप्ते टाकले, शेवटी अठरा लाख टाकले, एंटर दाबलं. उत्तर आलं वर्षाला ५.३ टक्के परतावा. तेच ५०,००० दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले असते आणि पंधरा वर्षांनी पुढे वाढवत नेलं असतं तर आजच्या ७.१ टक्क्यांनी बावीस लाखांच्या वर गेले असते. "आणि विमा किती आहे रे?" म्हणली. पाच लाख. "म्हणजे तू गेलास तर मला पाच लाख?" तिच्या आवाजात दुःख होतं की निराशा, ते मी विचारलं नाही. एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, याच्या निम्म्याहून कमी हप्त्यात येतो, हे मात्र तिने लगेच सर्च करून दाखवलं, जरा जास्तच उत्साहाने.

राहता राहिला टॅक्स. तर टॅक्सची नवीन रिजीम, म्हणजे दर कमी पण बहुतेक सवलती नाहीत अशी, २०२३-२४ पासून डिफॉल्ट झाली, अन् आमच्या पगाराला तीच परवडते. तिच्यात ८०सी नाहीच. म्हणजे ज्या टॅक्ससाठी पॉलिसी घेतली तो टॅक्स वेगळ्या वाटेने वाचला, आणि हप्ता मात्र दरवर्षी चालूच. काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे पण मॅच्युरिटी टॅक्स फ्री आहे ना!" हे खरंय. मॅच्युरिटी २०३८ ला आहे हेही खरंय.

मी चाचरत सरेंडर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडणं, हा शब्द काढला. पलीकडे थोडा वेळ नुसताच पंख्याचा आवाज. मग काका म्हणाले, "शुभ बोल रे." सरेंडर केली तर भरलेल्यातलंही बरंच कापलं जातं, तो हिशोब बायकोने तयार ठेवला होता, पण पैशाचं एक वेळ सोसता येईल. सरेंडर केलेल्या माणसाने मावशीच्या घरच्या कार्यात जेवायच्या पंगतीत कुणाशेजारी बसायचं, याचा फॉर्म्युला एक्सेलमध्ये नाहीये. म्हणून दोन मोठ्या ठेवल्या, एक छोटी बंद केली, तीसुद्धा काका तीर्थयात्रेला गेलेले असताना.

यंदा काका आले ते नवीन कार्ड घेऊन. आता म्युच्युअल फंडही करतात. "पॉलिसीबिलिसी जुनं झालं बाळा, आता एसआयपी!" बायको खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "डायरेक्ट प्लॅन असेल तर मी मोबाईलवरूनच घेते काका, त्यात कमिशन नसतं." काका पोह्यातला शेंगदाणा चावायचा थांबले. आईने आतून मला हाक मारली आणि कढीपत्ता निवडत हळूच म्हणाली, "पाचशेची घे रे एखादी रेग्युलरवाली. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातवाचं बारसं आहे."