एलडी अडीच

“चेंबरचं झाकण उघडून ठेवा साहेब, मग फोन करा. झाकण काढणं आमच्यात येत नाही,” असं सांगून प्लंबरने फोन ठेवला. इकडे वरच्या तीन मजल्यांचं साबणाचं पाणी आमच्या नहाणीच्या जाळीतून उलटं वर येत होतं आणि हा मला कामाची व्याप्ती समजावत होता. डोळ्यांच्या डॉक्टरने ‘मोतीबिंदू काढून ठेवा, मग बघतो’ म्हणावं तसं.

मागच्या साइड मार्जिनमध्ये झाकणं तीन. त्यातलं कुठलं कशाचं, हे सोसायटीत कुणालाही ठाऊक नाही. ड्रेनेजचा नकाशा म्हणे सेक्रेटरींच्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली जुन्या सेक्रेटरींकडे. गोल बिडाच्या झाकणाला कुलूप होतं, म्हणजे ती पाण्याची टाकी. पुण्यात कुलूप पाण्यालाच लावतात. एक झाकण नव्या पेव्हिंग ब्लॉकखाली अर्धं गाडलेलं. राहिलं सिमेंटचं चौकोनी. तसं ओळखणं अवघड नसतं. भिंतीवरचे पाईप जमिनीत कुठे शिरतात ते बघायचं आणि तिथून नजरेने रेघ ओढायची. लाइन जिथे वळते किंवा तिला दुसरी येऊन मिळते, तिथे चेंबर असतंच. मी रेघ ओढत असतानाच चौकोनी झाकणाच्या फटीतून एका झुरळाने मिशा बाहेर काढल्या. ओळख पटली.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, “ते नाही हो ते!”

हे वरचे काका. सरकारी खात्यातून निवृत्त. कुठल्या खात्यातून, ते विषयानुसार बदलतं. लिफ्ट बंद पडली की ते विजेच्या खात्यात होते, भिंतीला ओल आली की बांधकाम खात्यात. बनियनवर उपरणं, हातात चहा.

“काका, यातून झुरळ आलं आत्ता.”

“झुरळ कुठूनही येतं. आमच्या मिक्सरमधून आलं परवा. त्यावर काही लिहिलंय का बघा.”

मी पायाने माती सारली. सिमेंटमध्ये ठसा होता. एलडी, आणि खाली २.५.

“बघा! अडीच टन!” काका कठड्यावर कमरेपर्यंत वाकले. “अडीच टन वजन आहे त्याचं. क्रेन लागेल.”

“काका, तो त्याचा वर्ग आहे. लाइट ड्यूटी. अडीच टनांचा भार सोसेल, असं.”

“तेच म्हणतोय मी. जो अडीच टन सोसतो त्याचं स्वतःचं वजन किती असेल?”

याला उत्तर नसतं. तरी मी गॅलरीकडे मान वर करून हिशेब सांगत बसलो. दोन फूट बाय दोन फूट, जाडी तीन इंच, म्हणजे फार तर सत्तर किलो. काका शांतपणे म्हणाले, “सत्तर तर आमची ही आहे.” आतून काकूंचा आवाज आला, “ऐकू येतंय मला.”

सत्तर किलोही काही कमी नसतात. झाकणाच्या दोन्ही कड्या गंजून तुटलेल्या. म्हणजे आधी स्क्रूड्रायव्हरने चारी बाजूंच्या फटी खरवडायच्या, मग कोपऱ्यात पहारीचं टोक घालायचं, पहारीखाली वीट द्यायची आणि दाबायचं. झाकण उचलायचं नसतं, कोपरा सुटला की बाजूला सरकवायचं. चौकोनी झाकण तिरकं झालं तर आपल्याच चेंबरमध्ये पडतं. गोल पडत नाही, म्हणून रस्त्यावर बहुधा गोल असतात. ही माहिती मी काकांना द्यायला नको होती. पुढे प्रत्येक दाबाला वरून “तिरकं होतंय, तिरकं होतंय!” सुरू झालं.

झाकण सरकलं. सडक्या अंड्यांच्या वासाने काकांचा चहा थांबला.

“उदबत्ती लावा तिथे एक.”

“काका, आत मिथेन असू शकतो. भडका उडेल.”

“मग जरा लांब लावा.”

थोडा वेळ उघडं ठेवून, वारा लागू देऊन मी लांबूनच डोकावलो. आत निर्माल्य. पिशवीसकट, गाठ मारलेलं. त्याभोवती केस आणि तेलाचा पांढरा थर.

“मोगऱ्याचे गजरे दिसतात,” काका म्हणाले आणि एकदम गप्प झाले. तळमजल्यावर मोगरा कुणी आणत नाही. मी वर बघितलं. ते आकाशाकडे बघत होते.

मग म्हणाले, “पण हे तुम्ही कशाला करता? हे आपलं काम आहे का? याला माणूस असतो.”

इथे मात्र माझं डोकं सटकलं. कोण असतो हा माणूस? त्याला नाव नसतं, सोसायटीच्या वहीत त्याचा नंबर नसतो, पण तो ‘असतो’. त्याची जात सगळ्यांना माहीत असते आणि कुणी उच्चारत नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली कायदा आणखी कडक झाला, तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबत नाहीत. आणि पिशवीला गाठ मारून खाली सोडणारा हात गॅलरीत चहा पितो. यातलं मी अर्धंच मोठ्याने बोललो. काका “बरोबर आहे, बरोबर आहे” म्हणत आत गेले.

प्लंबर आला. लांब बांबूच्या पट्टीने त्याने लाइन मोकळी केली, झाकणाकडे बघून “अरे, हे तर हलकंय” म्हणाला आणि व्हिजिटचे वेगळे पैसे घेतले. निर्माल्याची पिशवी मीच घंटागाडीत दिली. ओला की सुका, यावर तिथे वेगळा वाद झाला.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी फोटो टाकला. ‘आज आम्ही चेंबर साफ केले.’ फोटोत माझी पाठ आणि वर आलेली अर्धी चड्डी. खाली टाळ्यांची रांग. सगळ्यात शेवटी सेक्रेटरींचा संदेश होता: चेंबरजवळचे दोन पेव्हिंग ब्लॉक हललेले दिसतात, दुरुस्तीचा खर्च संबंधित सभासदाच्या बिलात लावण्यात येईल.