एफ-३५ आपल्या रडारला दिसलं म्हणून स्टेल्थ खोटं ठरत नाही

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. "तिरुवनंतपुरमला उतरलेलं ब्रिटिश एफ-३५ आपल्या रडारने पकडलं, म्हणजे स्टेल्थ हे नुसतं मार्केटिंग, लेप उडाला की संपलं, सर्बियाने तर १९९९ लाच जुनाट रडारने पाडलं होतं, मग एएमसीएवर १५,००० कोटी कशाला?" स्टेल्थ म्हणजे शत्रूच्या रडारला कमीत कमी दिसायची करामत, आणि एएमसीए म्हणजे आपलं स्वतःचं होऊ घातलेलं स्टेल्थ लढाऊ विमान. हवाई दलाचा अभिमान मलाही आहे, पण शेवटची ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी एफ-३५ चं. १४ जून २०२५ च्या रात्री ते लपूनछपून आलंच नव्हतं, इंधन कमी पडलं म्हणून पायलटने स्वतःच इमर्जन्सी सांगून उतरायची परवानगी मागितली आणि हवाई दलाने विमानाची ओळख पटवून ती दिली. उलव्याच्या गच्चीवरून मोबाईल ॲपवर नवी मुंबई विमानतळाची विमानं दिसतात ना, ती दिसतात कारण विमानच ट्रान्सपॉन्डरने आपला पत्ता सांगत असतं. त्यात युद्ध नसताना एफ-३५ वर बहुतेकदा ल्युनबर्ग लेन्स लावतात, जी रडारची लहर मुद्दाम जोरात परत पाठवते. अशा वेळी दिसलं त्यावरून स्टेल्थची परीक्षा होत नाही.

रडारच्या लहरी शोषणाऱ्या लेपाचं म्हणाल तर लेप नंतर येतो, मुख्य काम आकार करतो. कडांवरून लहरी कशा विखुरतात याचं गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये मांडलं, अमेरिकन कंपनी लॉकहीडने ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि १९८१ ला एफ-११७ हे स्टेल्थ विमान उडालं. आणि अदृश्य कोणीच म्हणत नाही हो! परतणारा प्रतिध्वनी १०,००० पट कमी केला तरी रडारचा पल्ला फक्त १० पट कमी होतो, म्हणजे ३०० किलोमीटरवर दिसणारं विमान ३० वर दिसतं. पण तेवढ्यात त्याचा बॉम्ब सुटलेला असतो.

आता सर्बिया, इथे मेसेजने अर्धीच गोष्ट सांगितलीय. २७ मार्च १९९९ ला झोल्तान दानी या सर्बियन अधिकाऱ्याच्या क्षेपणास्त्र तुकडीने एफ-११७ पाडलं हे खरं. त्यांच्याकडचं पी-१८ रडार साधारण दोन मीटरच्या लहरीवर चालायचं, आणि लहर शेपटीच्या किंवा पंखाच्या टोकाच्या मापाची झाली की आकाराची करामत बरीचशी निकामी होते, म्हणून चाहूल लागते. पण त्या लहरीचा झोत रुंद, विमान "त्या बाजूला कुठेतरी" आहे एवढंच कळतं, क्षेपणास्त्राला नेमकी जागा लागते आणि ती देणारं रडार सेंटिमीटरच्या लहरीवरचं, त्याला एफ-११७ अगदी जवळ, १३ किलोमीटरच्या आसपास आल्यावरच सापडलं. बाकी सगळी दानींची शिस्त: रडार काही सेकंदच चालू ठेवायचं, तुकडी सतत हलवायची, आणि अमेरिकन विमानं ठरलेल्याच वाटांनी येतायत हे हेरायचं. लढाईत एफ-११७ पडलं ते हे एकच. जुनं रडार घेतलं की काम झालं असा अर्थ यातून कसा काढला कळत नाही.

शोधायच्या वाटा आहेतच. इंजिनाची उष्णता टिपणारे सेन्सर (आपल्या सुखोई-३० एमकेआयवर आहे), स्वतः लहर न सोडता एफएम-टीव्हीच्या लहरींवर चालणारं पॅसिव्ह रडार, वेगवेगळ्या जागच्या रडारांची माहिती एकत्र जोडणं. यातलं प्रत्येक आपल्याला हवंय, कारण चीनचं स्टेल्थ विमान जे-२० हे २०१७ पासून सेवेत आहे. पण त्याला शोधणारी रडारं घेतली म्हणून एएमसीए नको हे गणित जुळत नाही, स्टेल्थने पल्ला घटतो तो एएमसीएसमोर शत्रूच्या रडारचाही घटतो.