दानशूर होऊ इच्छिणाऱ्यांस काही सूचना

दान गुप्त असावे असे आपले पूर्वज सांगत आले. परंतु संगमरवरी पाटी यंत्रावर तासाभरात कोरून मिळेल, याची कल्पना त्यांना नसावी. तेव्हा वाचकहो, आपण दानपेटीपासून चार हात लांबच राहावे. तिच्यात टाकलेली पाचशेची नोट कुणाच्या तरी दहाच्या नोटेशेजारी जाऊन पडते, आणि ती आपली होती हे मोजणाऱ्याला सांगायला तेथे कोणीही नसते.

या बाबतीत गाडगे महाराजांची झालेली गैरसोय ध्यानात घ्यावी. १८७६ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी हाती खराटा धरून गावेच्या गावे झाडली, रात्रीच्या कीर्तनात लोकांना कर्ज काढून सणवार करू नका म्हणून बजावले, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. पण पंढरपुरातल्या धर्मशाळेला नाव दिले ते चोखामेळ्याचे! परिणाम असा, की १९५६ साली ते गेल्यानंतर ग्रामस्वच्छता अभियानाला आणि अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचे काम इतरांवर येऊन पडले. आपल्यासाठी कोणी एवढी तसदी घेईल याची खात्री नसल्यामुळे आपली सोय आपण हयातीतच करून ठेवावी.

सुरुवात गावाकडच्या हरिनाम सप्ताहापासून करावी. एका पंगतीचे अन्नदान पत्करावे आणि रकमेच्या शेवटी एक रुपया येईल असे पाहावे, कारण ५,००१ मध्ये जी श्रद्धा दिसते ती ५,००० मध्ये दिसत नाही. ध्वनिक्षेपकावरून अन्नदात्याचे नाव पुकारले जाईल त्या वेळी पहिल्या रांगेत बसू नये. दुसऱ्या रांगेत, खांबाला टेकून, डोळे मिटून बसावे आणि नाव कानी पडताच किंचित दचकून हात जोडावेत. नाव चुकीचे पुकारले गेले, तर मात्र डोळे ताबडतोब उघडावेत.

घरी परतल्यावर भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी महिन्याला २०० रुपये वाढवून मागितले, तर त्यांना महागाई समजावून सांगावी. त्यांना दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही, आयकरात सवलत मिळत नाही, शिवाय ते पैसे मावशी मुलीच्या शिकवणीवर उडवतील ही भीती असतेच. त्यांना एखादी जुनी साडी द्यावी, शक्यतो फॉल निघालेली.

एवढा हात बसला, की देवळाच्या सभामंडपातल्या पंख्याकडे वळावे. एका पात्यावर वडिलांचे नाव, अर्थात 'कै.' लावून, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', आणि तिसऱ्यावर आपले संपूर्ण नाव, गावासह, लाल रंगात. येथे एक अडचण संभवते, जी रंगारी आधी सांगत नाही. बटण दाबताच वडील, स्मरण आणि आपण असे तिघेही एकमेकांत मिसळून वर एक तांबूस चक्र तेवढे उरते, आणि खाली बसलेल्या मंडळींना वाऱ्याखेरीज काहीही लाभत नाही. वैशाखातले कीर्तन असेल, बुवांच्या फेट्याखालून घामाच्या धारा लागल्या असतील, मृदंगवादक उपरण्याने वारा घेत असेल. तरीही आपण विचलित होऊ नये. कीर्तनाचे दोन तास सदर पंखा बंद ठेवण्यात यावा, असा विनंतीअर्ज विश्वस्तांकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.