फोर्ट विल्यमच्या पलीकडेही बघा
स्कॉटलंडमधल्या माउंटन बाइकिंगवरच्या तुमच्या लेखात सगळा भर फोर्ट विल्यम या गावावर आहे. तिथलं डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून सुसाट सायकल हाकणं, जगप्रसिद्ध, मान्य; पण नवख्यांनी आधी दक्षिण स्कॉटलंड गाठावं. तिथे ‘सेव्हन स्टेन्स’ नावाने सात ठिकाणी जंगलातले सायकल ट्रेल आहेत. पीबल्स गावाजवळचं ग्लेनट्रेस सगळ्यांत गजबजलेलं; २०२३च्या सायकलिंग जागतिक अजिंक्यपदाची क्रॉस-कंट्री (चढउतारांची) शर्यत तिथेच झाली. हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढत्या अवघडपणाची वर्गवारी असते. निळा नीट जमल्याशिवाय उगाच लालच्या वाटेला जाऊ नका. माझं मत मात्र या सातांपैकीच डालबीटीला. तिथला ‘द स्लॅब’ हा उघड्या ग्रॅनाइटचा उतार नुसता बघूनच पोटात गोळा येतो.

ही जंगलं बरीचशी लाकडासाठी लावलेली, सिटका स्प्रूस या सूचीपर्णी झाडांची. तोड सुरू असली की ट्रेल बंद ठेवतात किंवा वळवतात, तेव्हा निघण्याआधी वेबसाइट बघाच. आणखी एक, २००३च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने सायकल चालवायचा हक्क आहे. इंग्लंडमध्ये तसा नाही. हे लेखात यायला हवं होतं.

आणि हो, उन्हाळ्यात मिजेस! चिलटांहून बारीक, पण थांबलात की तुटून पडतात.